प्लेटलेट्स वाढल्या, तर?

पावसाळा लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात एकच चौकशी ऐकू येते : 'पेशी किती आल्या?' डेंग्यूने या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते चार लाख असतात. आकडा लाखाखाली गेला की सारे घर धावपळ करते. तो पाच लाखांवर गेला, तर मात्र 'पेशी भरपूर आहेत' म्हणून रिपोर्ट फायलीत जातो. तसे होऊ नये, एवढेच आज सांगायचे आहे.

इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०१७ साली चाळिशीपुढच्या सुमारे ४० हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. प्लेटलेट्स चार लाखांवर असलेल्या दर शंभर पुरुषांपैकी ११ ते १२ जणांना आणि स्त्रियांपैकी सहा जणींना वर्षभरात कर्करोगाचे निदान झाले. ज्यांच्या प्लेटलेट्स प्रमाणात होत्या, त्यांच्यात हाच आकडा चार आणि दोन होता. सहा महिन्यांत पुन्हा वाढ आढळली, तर तो १८ आणि १० वर गेला. फुप्फुसाचा आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग त्यात अधिक होता.

असे का घडते? कर्करोगाच्या काही गाठी इंटरल्यूकिन-सहा हे द्रव्य सोडतात. त्यामुळे यकृतात थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक वाढते आणि अस्थिमज्जा जास्त प्लेटलेट्स तयार करू लागते.

पण घाबरू नका. जंतुसंसर्ग, क्षयरोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनीही प्लेटलेट्स वाढतात. अंगात लोह कमी असले तरी वाढतात आणि आपल्याकडच्या बायकांत ते नेहमी आढळते. मात्र उतारवयात लोह का घटले, हेही विचारायला हवे; कधी आतड्यातून नकळत रक्त जात असते.

म्हणून वाढलेला आकडा दिसला की डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या सल्ल्याने सीबीसी ही रक्ततपासणी पुन्हा करा. सोबत वजन घटणे, न थांबणारा खोकला, शौचातून रक्त असेल, तर थांबू नका. घाटी रुग्णालय आणि आमखास मैदानाजवळचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याच शहरात आहेत.

आणि प्लेटलेट्स प्रमाणात आहेत म्हणून निर्धास्तही होऊ नका. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली न भरणारी जखम रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवा.