परदेशातले शुभंकर

मी आयटी सल्लागार आहे, डॉक्टर नाही. तरीही आज मनाच्या आजारांवर बोलणार आहे, कारण आजार ओळखून उपचार करणं डॉक्टरांचं काम असलं, तरी माणसाला डॉक्टरपर्यंत नेण्याचं काम तुमचं-आमचं असतं.

इथे बहरीनमध्ये रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा गावी अकरा झालेले असतात. घरचे फोनची वाट बघत जागे असतात. जेवलास का? हो. तब्येत? बरी आहे. झालं, फोन बंद. अंगात ताप असेल तर आपण एखाद्या वेळी सांगतोही. पण तीन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, सकाळी उठून कामावर जायचीच भीती वाटते, हे कोण सांगणार? तिकडे घराचे हप्ते चालू असतात, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. व्हिसा कंपनीच्या हातात. कळलं तर नोकरी जाईल, लोक वेडा म्हणतील, ही भीती वेगळीच. म्हणून "बरी आहे."

ही लपवाछपवी मोडणाऱ्या एका मराठी माणसाबद्दल सांगतो. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्र शिकवत. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. परदेशात राहून हे चार भिंतींत ठेवणं सोपं होतं. वाणी सरांनी ते उघडपणे सांगितलं आणि १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे 'सा', ही संस्था उभी केली. २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाची भूमिका केली आणि हा शब्द कितीतरी मराठी घरांत पहिल्यांदा बोलला गेला.

'सा'सारख्या संस्थांच्या कामात दोन सुंदर शब्द वापरले जातात. आजाराशी झुंजणारा तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. गावी शुभंकर म्हणजे बहुतेक वेळा आई, बायको, भाऊ. पण इथे, एका खोलीत सहा जण राहतात तिथे, शुभंकर कोण? शेजारच्या पलंगावर झोपणारा रूममेट. रोज एकाच बसने साइटवर जाणारा सोबती. खालच्या कोल्ड स्टोअरवाला, ज्याला सगळ्यात आधी दिसतं की हा माणूस हल्ली फक्त सिगारेट नेतो, दूध-अंडी नेत नाही. 'कासव' हा चित्रपट पाहिला असेल तुम्ही, २०१६ चं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला. त्यातल्या खचलेल्या तरुणाला आधार देणारी माणसं त्याच्या नात्यातली नसतातच.

मग लक्ष कशावर ठेवायचं? उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप आणि भूक बिघडली, आंघोळ-दाढी सुटली, घरचा फोन टाळायला लागला, दारू वाढली, तर समजा, विचारायची वेळ झाली. "आता तुम्हाला माझा त्रास होणार नाही" असं कोणी बोललं, आपल्या वस्तू वाटायला लागलं, तर थांबू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर त्याला एकटं सोडू नका. धोका समोर दिसत असेल तर ९९९ लावा. एरवी सीपीआर कार्ड घेऊन जवळच्या हेल्थ सेंटरमध्ये सोबत जा. मनामात सरकारी मनोरुग्णालय आहे. इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड, म्हणजे आयसीआरएफ, अडचणीतल्या भारतीयांना मदत करतो. गावी असलेल्या घरच्यांना आधार हवा असेल, तर भारतात टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

आणखी एक. मनावर बसलेला आघात जुना झाला म्हणजे संपला, असं नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिवकडच्या श्रोत्यांना ठाऊक आहे, त्यानंतर कितीतरी दिवस लोक छताखाली झोपायला घाबरत. २०२० मध्ये विमानं बंद होती, तेव्हा परदेशातल्या अनेकांनी आई-वडिलांचा अंत्यविधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिला. साइटवर सोबत्याला पडताना पाहिलेला कामगारही असतो. असा माणूस मध्येच दचकतो, तीच स्वप्नं बघतो, ती जागा टाळतो. "विसर आता" म्हणून भागत नाही. यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि माणसं बरी होतात.

औषधांचंही ऐका. गोळ्या चालू असतील तर बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. गावाहून आणणार असाल तर मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांवर आखाती देशांत कडक नियंत्रण आहे, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

समुपदेशक होण्याची गरज नाही. उपदेश नको, "लोकांचं बघ, तुझं काय एवढं" नको. चहा करा, शेजारी बसा, त्याचं पुरतं ऐकून घ्या. या शुक्रवारी सुट्टी आहे. ज्याचा आवाज बरेच दिवस ऐकला नाही, अशा एका माणसाला फोन करा. तो "बरा आहे" म्हणाला की फोन ठेवू नका. एवढंच विचारा, "झोप लागते का रे?"

काळजी घ्या, स्वतःची आणि शेजारच्या पलंगाचीही.