ध्रुव नारळाआड, कन्या डोक्यावर



दूरच्या दीर्घिकांचा फोटो काढायचा तर लडाख गाठावं, निदान सह्याद्रीचा एखादा माथा तरी, असं आपण धरून चालतो. माझी दुर्बीण तंजावरजवळ तिरुवैयारुला, कावेरीकाठच्या परसात उभी असते. एका समूहासाठी ही जागा फार चांगली आहे, एवढंच आज सांगायचंय.

महाराष्ट्रात दसरा-दिवाळीनंतर आकाश उघडतं. इथे तेव्हाच ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. म्हणजे शरदातलं देवयानी, महाश्व वगैरे बरंचसं ढगात जातं. आमचा हंगाम त्यागराज आराधनेच्या सुमारास, जानेवारीत सुरू होतो आणि कन्या राशीच्या वेळेला ऐन भरात असतो.

कन्येत मार्कारियनची साखळी आहे. तिच्यातल्या एम ८४ आणि एम ८६ या दोन दीर्घिका मेसियेनं १८ मार्च १७८१ रोजी नोंदवल्या. तेव्हा तंजावरच्या गादीवर दुसरे तुळजाराजे होते. साखळीची क्रांती सुमारे उत्तर १३ अंश, आमचा अक्षांश जवळजवळ ११. म्हणून मार्चअखेरीस मध्यरात्री ती थेट डोक्यावरून जाते. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ आणि गावातल्या दिव्यांची झळही सर्वांत कमी.

अडचण ध्रुवाची. तो क्षितिजापासून फक्त ११ अंशांवर, नारळांच्या झावळ्यांमागे. मग दुर्बिणीचा अक्ष जुळवायला दक्षिणेकडचा, मध्यमंडलाजवळचा एक तारा धरायचा. तो चौकटीत वर किंवा खाली सरकला, की अक्ष पूर्व-पश्चिमेला चुकलाय. पूर्वेच्या ताऱ्यावरून उंचीतली चूक कळते. चिकाटीचं काम आहे, पण ध्रुव न दिसता होतं.

८० मिलिमीटरची दुर्बीण पुरते. दोन-दोन मिनिटांचे ६० फोटो घ्यायचे आणि एकावर एक रचायचे. फोटो चौपट केले, तर खरखरीच्या तुलनेत प्रकाश दुप्पट उठून दिसतो. एकट्या फोटोत नुसते पुसट ठिपके असतात. साठांच्या बेरजेत साखळीची वाकडी ओळ दिसते.

तो प्रकाश सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी निघालेला. डायनासोर संपून तेव्हा कोटभर वर्षं झाली होती. विश्व प्रसरण पावतंय, तरी एम ८६ सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगानं आपल्या दिशेला येतेय, कारण हजाराहून जास्त दीर्घिकांच्या त्या गर्दीचं गुरुत्व तिला ओढतंय. हे फोटोत दिसत नाही, वर्णपट सांगतो.

हबलनं याहून सुंदर फोटो काढलेत, मग हा खटाटोप कशाला? कारण हा प्रकाश आमच्या परसात उतरतो आणि उघडे पांढरे दिवे तो बुजवत चाललेत. ज्याला वर काय आहे ते माहीत आहे, तोच शेजाऱ्याला दिव्यावर झाकण बसवायला सांगेल.

तुमच्या गावाचा अक्षांश बघा. तितक्याच क्रांतीचं आकाश तुमच्या माथ्यावरून जातं. नागपूरकरांच्या डोक्यावरून सिंहेतला एनजीसी ३१९० चा समूह जातो. दिल्लीकरांवरून तर अख्खा कोमा समूह.