जूनमधला मृग आणि डिसेंबरमधला मृग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी सोडून तीस वर्षं झाली, पण या स्टेजवर उभं राहिलं की अजूनही हात आपोआप मागे जातात. संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयाचं बंधन घातलेलं नाही. संगणकावर मी बोलणार नाही. आपल्यातले निम्मे जण दिवसभर त्याच्याच समोर बसलेले असतात. मी आकाशावर बोलणार आहे. आधी एक प्रश्न. मृग नक्षत्र कधी लागतं?

बघा, मागच्या बाकांवरूनही उत्तर आलं: सात-आठ जूनला. बरोबर. आता दुसरा प्रश्न. त्या रात्री मृग आकाशात कुठे दिसतो?

कुठेच दिसत नाही. कारण त्या दिवसांत सूर्यच मृगात असतो. मृगाचे तारे सूर्याबरोबर उगवतात आणि सूर्याबरोबरच मावळतात. पेरणीच्या वेळी आपण ज्याचं नाव घेतो, ते नक्षत्र त्या वेळी उन्हामागे दडलेलं असतं. ते बघायचं तर सहा महिने थांबायचं. मार्गशीर्षात, म्हणजे साधारण आत्ता, डिसेंबरात, ते संध्याकाळी पूर्वेला उगवतं आणि रात्रभर दिसतं. मार्गशीर्ष हे नावच मृगशीर्षावरून आलं. त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र मृगाच्या आसपास असतो. कार्तिकाचा कृत्तिकेजवळ, माघाचा मघेजवळ, चैत्राचा चित्रेजवळ.

मी गेली वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. आमच्या कामात नाव ठेवणं ही अवघड गोष्ट मानतात. चांगलं नाव वाचलं की ती वस्तू काय आहे आणि कुठे शोधायची, दोन्ही कळतं. मराठी महिन्यांची नावं अशी आहेत. ती आपण पाढ्यांसारखी पाठ केली, आणि तो पत्ता मात्र तसाच पाकिटात राहिला. आज तो उघडून बघू.

जेवणं झाल्यावर, साडेआठच्या सुमारास, मैदानावर या आणि पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. सारख्या अंतरावरचे तीन तारे एका सरळ रेषेत, जवळजवळ उभे, दिसतील. तो बाण. त्याच्या भोवती चार ठळक ताऱ्यांचा मोठा चौकोन आहे, ते हरणाचे चार पाय. त्यांतला काक्षी तांबूस आणि समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. ताऱ्यांना रंग असतात हे पुस्तकात वाचून पटत नाही, हे दोघे एकत्र पाहिले की पटतं.

हरणाच्या पोटात बाण घुसला आहे. तो कोणी मारला? बाणाची रेषा धरून खाली क्षितिजाकडे या. तिथे जो सगळ्यात तेजस्वी तारा लकलकत असेल, तो व्याध. रात्रीच्या आकाशातला हा सर्वांत ठळक तारा आहे. आता तीच रेषा उलट वर न्या. नारिंगी रोहिणी लागेल आणि तिच्या पुढे कृत्तिकांचा लहानसा पुंजका. हरणाची गोष्ट मुलाला सांगितली की त्याला व्याध सापडतो. गोष्ट आणि नकाशा इथे वेगळे नाहीत.

अंतर मोजायला हात पुरतो. हात ताठ पुढे धरून मूठ वळली की मुठीची रुंदी आकाशात साधारण दहा अंश भरते. चंद्र रोज ताऱ्यांमधून पूर्वेकडे सुमारे तेरा अंश सरकतो, म्हणजे मूठ आणि वर दोन बोटं. सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत त्याची फेरी पुरी होते, म्हणून त्याच्या वाटेवरची नक्षत्रं २७. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा हे तारकासमूह आहेत, पण नक्षत्रं नाहीत, कारण चंद्र त्या वाटेनं जात नाही. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाचे ८८ तारकासमूह ठरवले आहेत. आपल्याला रोजच्या ओळखीला दहा-बारा पुरे.

भूगोलाच्या तासाला आपण आपल्या गावाचा अक्षांश पाठ केला होता, साधारण १८ अंश उत्तर. तो आज मैदानावर मोजता येईल. उत्तरेला तोंड करा. एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसेल. तिच्या खाली, क्षितिजापासून जेमतेम दोन मुठींवर, फारसा ठळक नसलेला एकटा तारा म्हणजे ध्रुव. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश. आणि फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला पाहाल, तर व्याधाच्या बरोबर खाली, तिकडेही क्षितिजापासून दोन मुठींवर, अगस्त्य दिसेल. एकीकडे ध्रुव, एकीकडे अगस्त्य, दोघे जवळजवळ सारख्या उंचीवर. दिल्लीत ध्रुव बराच वर असतो आणि अगस्त्य क्षितिजालगत घुटमळतो. लंडनमधून तर अगस्त्य कधीच दिसत नाही. आपण कुठे उभे आहोत हे आकाश असं सांगतं.

माझी मुलगी म्हणते, एवढं कशाला करायचं? फोन आकाशाकडे धरला की नाव येतं. खरं आहे, आणि अशी ॲप लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण अंधाराला डोळे सरावायला किमान वीस मिनिटं लागतात आणि पडद्याचा पांढरा उजेड ते सगळं क्षणात घालवतो. दुसरं म्हणजे, फोन खिशात गेला की नावही जातं. बाणाची रेषा धरून व्याध ज्यानं स्वतः शोधला, त्याला तो पुढच्या वर्षी कोणत्याही गच्चीवरून सापडतो.

अर्थात त्यासाठी आकाश दिसायला हवं, आणि इथे मला आपल्या सगळ्यांशी थोडं बोलायचं आहे. शाळेला भेट द्यायच्या वस्तूंच्या यादीत मैदानासाठी हायमास्ट दिवा आहे. त्याला माझा विरोध नाही. संध्याकाळी मुली खो-खोचा सराव करून घरी जातात, मैदानावर उजेड हवाच. फक्त तीन गोष्टी सुचवते. दिव्यांना वरून झाकण असू दे, म्हणजे सगळा उजेड जमिनीवर पडेल. रंग पिवळसर असू दे. आणि दिवे बंद करायचं बटण शाळेच्या हातात असू दे. खर्च फार वाढणार नाही. वर जाणारा उजेड कुणाच्याच उपयोगाचा नसतो, तो फक्त तारे पुसतो. विदर्भातला पेंच व्याघ्रप्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला, तोही उजेड असाच आवरून. आपलं मैदान तसं होणार नाही, पण वर्षातून एका रात्री तरी होऊ शकेल.

आपल्या काळोखाची तपासणी कृत्तिकांवर करता येते. कार्तिकेयाच्या माता सहा, आणि चांगल्या अंधारात साध्या डोळ्यांना सहा तारे मोजता येतात. आज मोजा आणि आकडा लिहून ठेवा. दिवा लागल्यावर पुढच्या डिसेंबरात पुन्हा मोजू.

शिक्षकांसमोर बोलते आहे, म्हणून एका शिक्षकाचं नाव घेते. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित. नोकरी शिक्षकाची, आणि १८९६ साली त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्याआधी सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिलं, आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असं दुसरं नाव दिलं. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. पुढे १९४४ साली पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली, तीही हौशी लोकांच्या बळावर. हा विषय मराठीत टिकला तो अशा माणसांमुळे.

माझी विनंती एवढीच. दरवर्षी मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या आसपासची एक संध्याकाळ ठरवू. आठवी-नववीची मुलं, आपल्यातले गावात असलेले चार जण आणि सतरंज्या, एवढं पुरे. दुर्बिणीची गरज नाही. पहिल्या वर्षाची जबाबदारी मी घेते.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपलात तर सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे न्या, स्वाती भेटेल. ती सुमारे ३७ प्रकाशवर्षं दूर आहे. तिचा जो प्रकाश आत्ता आपल्यापर्यंत येतो, तो निघाला तेव्हा आपण याच गावात प्राथमिक शाळेत होतो.

साडेआठ वाजता मैदानावर भेटू. येताना शाल आणा, आणि फोन इथेच टेबलावर ठेवून या.