महारोहिणीचा फुगवटा

अल्बर्ट आइन्स्टाइन यांना पोटदुखीचा त्रास वारंवार होत असे. १९४८ च्या डिसेंबरात ब्रुकलिन येथील एका रुग्णालयात रुडॉल्फ निसेन या शल्यवैद्यांनी त्यांचे पोट उघडले, तेव्हा पाठीच्या कण्यासमोर मोठ्या मोसंबीएवढा एक फुगवटा दर ठोक्यासरशी उसळत असलेला त्यांना दिसला. निसेन हेही आइन्स्टाइन यांच्याप्रमाणेच जर्मनी सोडून आलेले. त्यांनी तो फुगवटा कापला नाही, बांधला नाही. सेलोफेनच्या कागदाने तो लपेटला आणि पोट शिवून टाकले! आज हे ऐकून हसू येईल. परंतु त्या काळी यापरते शहाणपणाचे दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते. सेलोफेनमुळे भोवतालच्या ऊतकांचा क्षोभ होतो, तेथे घट्ट व्रणऊतक तयार होते, आणि दुबळ्या भिंतीला तेवढाच टेकू मिळतो, असा त्यामागील हिशेब होता.

ही महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. ती छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या सुमारास दोन पायांकडे दुभंगते. पोटात तिचा व्यास साधारणतः २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा अधिक झाला म्हणजे त्याला विस्फार म्हणावयाचे. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगा येतो, तसाच हा प्रकार. फुगा जितका मोठा, तितका भिंतीवरील ताण अधिक. आणि ताण वाढला की फुगा आणखी वाढतो. पासष्टीच्या पुढील पुरुषांत, आणि त्यातही धूम्रपान करणाऱ्यांत, हा विकार विशेष आढळतो. दुःखाची गोष्ट ही, की बहुधा तो मुळीच दुखत नाही. फुटला म्हणजे मात्र पोटात वा पाठीत असह्य वेदना होतात, आणि बहुसंख्य रोगी दगावतात. कित्येक तर रुग्णालयाचे दार गाठण्यापूर्वीच.

उपायाचा शोध जुना आहे. १८१७ साली लंडनमध्ये ॲस्टली कूपर यांनी एका रोग्याची महारोहिणीच दोऱ्याने बांधली. रोगी दोन दिवसही जगला नाही. पुढे १९५१ च्या मार्चमध्ये पॅरिस येथे शार्ल द्युबो यांनी विस्फारलेला भाग काढून टाकून त्या जागी मृत मनुष्याची रक्तवाहिनी जोडली. परंतु अशा वाहिन्या मिळणार किती आणि टिकणार किती? या अडचणीतून वाट काढली ती कापडाने. न्यू यॉर्कच्या आर्थर व्हूरहीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी टाक्यावर कालांतराने गुळगुळीत अस्तर चढलेले दिसले होते. दोऱ्यावर अस्तर चढते, तर कापडाच्या नळीवर का चढू नये? आणि खरोखरच ते चढले. ह्यूस्टनच्या मायकेल डबेकी यांना आईने लहानपणी शिवणकाम शिकविले होते. त्यांनी दुकानातून डेक्रॉनचे कापड आणून घरच्या शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. शस्त्रक्रियेच्या इतिहासात शिवणयंत्राला असा मान क्वचितच मिळाला असेल.

१९९० साली ब्यूनॉस आयरिस येथे हुआन पारोदी यांनी निराळीच वाट दाखविली. जांघेतील रोहिणीतून घडी घातलेली नळी आत सरकवावयाची, आणि धातूच्या जाळीच्या आधाराने ती फुगवट्याच्या आतच उलगडावयाची. पोट उघडण्याचे कारणच नाही. वृद्ध व दुर्बळ रोग्यास हे वरदानच होय. मात्र नळीच्या कडेने रक्त झिरपून फुगवटा पुन्हा वाढू शकतो, म्हणून अशा रोग्यास आयुष्यभर तपासणीस यावे लागते. उघड्या शस्त्रक्रियेत आरंभीचा धोका अधिक, पण पुढची काळजी कमी. याचा सौदा ज्याच्या त्याच्या वयाकडे आणि प्रकृतीकडे पाहूनच ठरवावा लागतो.

फुगवटा लहान असेल तर काय करावे? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पाहणीत असे दिसून आले, की ५.५ सेंटिमीटरपेक्षा लहान विस्फारावर लगेच शस्त्रक्रिया केल्याने रोगी अधिक जगत नाहीत. म्हणून पुरुषांत साधारणपणे ही मर्यादा गाठेपर्यंत, आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरपर्यंत, ध्वनिलहरींनी वेळोवेळी माप घ्यावयाचे, धूम्रपान सोडावयाचे, रक्तदाब आटोक्यात ठेवावयाचा, आणि थांबावयाचे. पोटात फुगा आहे हे कळल्यावर थांबणे ही सोपी गोष्ट नव्हे. रोगी म्हणतो, ‘काहीतरी करा’. आणि काही न करणे हाही विचारपूर्वक दिलेला उपचार आहे, हे त्याला पटविताना वैद्याची कसोटी लागते.

आइन्स्टाइन यांना त्या सेलोफेननंतर सहा वर्षांहून अधिक आयुष्य लाभले. १९५५ च्या एप्रिलात फुगवटा फुटला. एव्हाना नवी शस्त्रक्रिया उपलब्ध झाली होती. न्यू यॉर्कहून शल्यवैद्य प्रिन्स्टनला आलेही. परंतु आपला वाटा पुरा झाला आहे अशा भावनेने आइन्स्टाइन यांनी शांतपणे नकार दिला, आणि १८ एप्रिल रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते निवर्तले.

डबेकी यांची कथा याच्या उलट. २००५ च्या अखेरीस, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्यांची स्वतःचीच महारोहिणी छातीत चिरली. आपल्यावर शस्त्रक्रिया करू नये असे त्यांनी आधी सांगितले होते. ते बेशुद्ध झाल्यावर पत्नीने आग्रह धरला, सहकारी वैद्यांत बराच वाद झाला, आणि अखेर त्यांनीच घडविलेल्या पद्धतीने कापडाची नळी त्यांच्या छातीत बसविण्यात आली. ते बरे झाले. झाले ते योग्यच झाले असे त्यांनी पुढे सांगितले. आणि २००८ च्या जुलैत, शंभरी भरण्यास दोन महिने उरले असता, ते वारले.