अवघडपणाची जाहिरात



आजचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. व्हिडिओ गेम हा पोरांचा चाळा. त्यावर व्याख्यान कशाला? परंतु माझा प्रश्न मनुष्यस्वभावाचा आहे. जो खेळ आपल्याला पदोपदी पराभूत करतो, तो माणूस पैसे मोजून विकत का घेतो? आणि त्या खेळाची दवंडी पिटणारा त्याला नेमके विकतो तरी काय?

२००९ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये 'डीमन्स सोल्स' नावाचा खेळ निघाला. तो फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने तयार केला, हिदेताका मियाझाकी त्याचे दिग्दर्शक आणि सोनी प्रकाशक. पण सोनीतील वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी तो खेळून पाहिला, तेव्हा त्यांना आरंभच ओलांडता येईना. सोनीने अमेरिकेत तो प्रकाशित केलाच नाही. ही आपली चूक झाली, असे योशिदांनी पुढे मोकळेपणाने कबूल केले. इकडे हौशी खेळाडूंनी आशियात निघालेली इंग्रजी आवृत्ती मागवली, एकमेकांना तिचे गुण सांगितले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ॲटलस या कंपनीने तो खेळ अमेरिकेत आणला. म्हणजे पहिली कीर्ती पसरली ती कर्णोपकर्णी.

मग २०११ साली 'डार्क सोल्स' आला. आता जाहिरातदार जागे झाले होते. 'मरायला सज्ज व्हा' हीच त्यांची घोषणा! २०१२ मधील संगणकावरच्या आवृत्तीला तर त्यांनी हेच नाव दिले. जो दोष म्हणून लपवायचा, तोच त्यांनी बिरुद म्हणून मिरवला. आव्हान दिले की तरुण रक्त उसळते. खेळाचे नाव सर्वतोमुखी झाले.

परंतु श्रोतेहो, घोषणेत सत्य अर्धेच होते. या खेळात मरण हाच गुरू आहे. शत्रू बहुधा त्याच जागी उभा असतो, त्याच्या वाराच्या रीती ठरलेल्या असतात. त्या ओळखल्या की वाट सापडते. पूर्वी येऊन गेलेल्यांनी जमिनीवर सूचना लिहून ठेवलेल्या असतात; अडल्यास परक्या खेळाडूला मदतीस हाक मारता येते. छळ हा हेतू नसून कष्टसाध्य यशाचा आनंद हा हेतू आहे, असे मियाझाकी वारंवार सांगत आले. घोषणेत यातले काहीच नव्हते. त्यामुळे चिकाटी आहे पण बढाईची हौस नाही, असा माणूस दारावरची पाटी वाचूनच परत फिरला.

२०२२ मध्ये त्याच कंपनीचा 'एल्डन रिंग' आला. खेळ अवघडच, पण दर्शनी भागी होता विस्तीर्ण प्रदेश आणि कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे नाव. एक वाट बंद झाली तर दुसरीकडे हिंडून, बळ कमावून परत यावे, अशी सोयही होती. महिन्याच्या आत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. याचे सारे श्रेय जाहिरातीला देता येणार नाही. खेळ बदलला होता आणि मागे दशकाची पुण्याई होती. पण दार मोठे दिसले की माणसे आत येतात, हे खरे.

जाहिरात माणसाला उंबरठ्यापर्यंत आणते. पडल्यावर पुन्हा उठवते ती खेळाची सचोटी. आणि आपण काय करतो? गणित, व्याकरण, रागदारी यांच्या दारावर 'हे येरागबाळ्याचे काम नोहे' अशी पाटी आपणच लावतो, आणि मग मुले आत येत नाहीत म्हणून हळहळतो. अवघड आहे, हे जरूर सांगावे. पण वाट आहे, सोबत आहे, हेही त्याच श्वासात सांगावे.