वहीत मोजा, मग बोला

 

आज आम्ही बचतीवर किंवा कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही. आमच्याच गटाच्या हातून झालेली एक चूक सांगणार आहोत. चूक तोंडाची होती, पण तिचा घाव एका पोरीला बसला.

गेल्या थंडीत तालुक्याच्या गावी शाळेतल्या मुलींच्या बास्केटबॉलच्या स्पर्धा होत्या. खेळाडूंच्या जेवणाची ऑर्डर आमच्या गटाला मिळाली. दोनशे ताटं. मैदानाच्या कडेला मांडव घातलेला, तिथंच आमची चूल आणि पातेली. काम करता करता समोरचा खेळ दिसत होता. कबड्डी, खो-खो आपल्याला कळतो. बास्केटबॉल आम्ही पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. पण न कळणाऱ्या गोष्टीवर बोलायला कुणाला परवानगी लागते? आम्ही बोलत सुटलो.

आपल्याच गावची एक मुलगी खेळत होती. नववीतली. उंच, अंगानं भरलेली. ती धावायला लागली की आमच्यातली एक म्हणायची, "बघ, म्हैस डुलत चाललीय." दुसरी म्हणाली, "खांदे आवळून काय धावतेय, लाज वाटते तर खेळायचं कशाला?" तिसरी म्हणाली, "एवढी धाप लागते, आणि म्हणे खेळाडू." हाफ चड्डीवरही बोलून झालं. आम्ही हसलो. आमचं पाहून शेजारी उभी असलेली पोरं हसली आणि तेच शब्द मोठ्यानं ओरडायला लागली.

त्या मुलीची आई आमच्याच गटातली. आमच्यातच बसून कांदा चिरत होती. तिनं मान वर केली नाही. कांद्यानं डोळ्यांतून पाणी येतंच, म्हणून आम्हालाही काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी सरावाला गेली नाही.

पुढच्या बैठकीत तिच्या आईनं बचतीचे पैसे भरले, सही केली, आणि मग एकच प्रश्न विचारला. "तुम्ही सगळ्यांनी माझ्या लेकीचं अंग बघितलं. तिचा खेळ कुणी बघितला का? तिनं किती बॉल अडवले, कुणी मोजले का?"

कुणीच मोजले नव्हते. मैत्रिणींनो, आपण गटाच्या बायका. वहीत नोंद नसलेला रुपया आपण मानत नाही. पाच रुपयांचा हिशेब चुकला तर बैठक अर्धा तास लांबते. आणि एका पोरीच्या चाळीस मिनिटांच्या मेहनतीचा निकाल आम्ही नोंदीशिवाय लावून टाकला होता.

आम्ही तिच्या घरी गेलो. आपल्याहून लहान पोरीची माफी मागणं जड जातं, पण मागितली. ती ओट्यावर बसली होती. तिनं विचारलं, "काकू, मी खरंच तशी धावते का?" त्यावर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही शाळेत जाऊन खेळाच्या सरांना भेटलो. म्हणालो, सर, हा खेळ आम्हाला समजावून सांगा. सरांनी मैदानावरच शिकवलं. दोन्ही टोकांना दहा फूट उंचीवर रिंग. एका बाजूला पाच खेळाडू. मैदान अठ्ठावीस मीटर लांब. चेंडू इकडून तिकडे गेला की पाचही जणींनी तिकडे धावायचं, लगेच परत यायचं. असे दहा-दहा मिनिटांचे चार भाग. सर म्हणाले, "या मुलीला मी रिंगखाली का उभी करतो ठाऊक आहे? तिथं धक्काबुक्की होते. रिंगवर आपटून परत आलेला बॉल जी जागा धरून उभी राहते तिलाच मिळतो. हिला कुणी हलवू शकत नाही."

ज्या अंगाला आम्ही हसलो, तेच अंग संघाच्या कामाचं होतं.

सरांनी आम्हाला चार रकाने आखून दिले. किती बॉल रिंगमध्ये टाकले, परत आलेले किती पकडले, सोबतिणीला देऊन किती गुण करवले, आणि हातातून किती गमावले. मुलीला समजावून परत मैदानावर आणलं. पुढच्या सामन्याला आम्ही दोघी-तिघी वही घेऊन बसलो. संध्याकाळी हिशेब केला. परत आलेले अकरा बॉल तिनं पकडले होते. सहा गमावले होते. पण सहापैकी पाच शेवटच्या दहा मिनिटांत.

आता बघा, वही काय बोलली. मुलगी आळशी नव्हती. तीन भाग ती चोख खेळत होती. चौथ्या भागात तिचे पाय आणि हात साथ सोडत होते. म्हणजे दम कमी पडत होता हे खरंच. पण "म्हैस" म्हणून त्यावर उपाय निघणार नव्हता. का कमी पडतो, हे विचारायला हवं होतं.

आम्ही विचारलं. सकाळी सहाला ती फक्त चहा पिऊन निघायची. पायातले बूट भावाचे, एक नंबर मोठे. खांदे आवळून का धावतेस, हे तिच्या आईनं एकटीला बसवून विचारलं, तेव्हा कळलं की खेळताना घालायची नीट स्पोर्ट्स ब्रा तिच्याकडे नव्हती. अंग हलतं, लोक बघतात, म्हणून ती स्वतःला आवळून धावत होती. आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९ निघालं. तिच्या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवं. शरीर भरलेलं असलं म्हणजे रक्त भरपूर असतं, हा आपला मोठा गैरसमज आहे. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा.

डॉक्टरांनी तिला औषध सुरू केलं. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी मिळते. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून कितीतरी मुली ती दप्तरातच ठेवतात. हीसुद्धा ठेवायची. ती गोळी जेवणानंतर घ्यायची, लिंबू किंवा आवळा सोबत चालतो, चहा मात्र लगेच प्यायचा नाही. जंताची गोळीही चुकवायची नाही. आणि रक्त खूप कमी असेल तर आठवड्याच्या गोळीवर भागत नाही, डॉक्टर सांगतील तसंच घ्यायचं.

मैत्रिणींनो, बायकांच्या दमावर शंका घेणं हे आपल्याच गावात चालतं असं नाही. हा खेळ अमेरिकेत जन्मला. १८९१ च्या डिसेंबरात. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन नावाच्या शिक्षिकेनं स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवायला घेतला. पण मुलींना एवढी धाव झेपायची नाही, असं तेव्हा मानत. म्हणून मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येकीनं आपल्याच भागात राहायचं, दुसरीच्या हातातला बॉल हिसकावायचा नाही. त्यावर विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण आयोवा नावाच्या राज्यात शाळेतल्या मुली अर्ध्याच मैदानात खेळायचा असा जुना प्रकार १९९३ पर्यंत खेळत होत्या. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ ला आला, बायकांचा १९७६ ला. मधली चाळीस वर्षं गेली. आज त्याच बायका पूर्ण मैदानात चाळीस मिनिटं खेळतात.

बाळंतपणानंतर तर विचारूच नका. "आता संपली ही," असं लोक सहज म्हणतात. अमेरिकेत बायकांची मोठी व्यावसायिक स्पर्धा १९९७ ला सुरू झाली. ह्यूस्टनच्या संघातली शेरिल स्वूप्स त्याच वर्षी जूनमध्ये बाळंत झाली आणि सहा आठवड्यांनी मैदानावर आली. तिचा संघ त्या वर्षी जिंकला. हे ऐकून कुणी आपल्या सुनेला सहा आठवड्यांत उभी करू नका. प्रत्येकीचं शरीर वेगळं, आणि तिच्यापाशी डॉक्टर, व्यायाम करून घेणारी माणसं होती. त्या स्पर्धेतल्या खेळाडूंनी एकत्र येऊन वाटाघाटी केल्या, तेव्हा २०२० च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार मिळू लागला. एकजुटीनं काय होतं, हे आपल्या गटांना सांगायची गरज नाही. आपल्या देशात चेन्नईच्या अनिता पॉलदुराई आई झाल्यावरही भारताकडून खेळल्या. त्यांना २०२१ ला पद्मश्री जाहीर झाली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार झाली.

आता कुणी म्हणेल, मग खेळाडूला काही बोलायचंच नाही का? बोलायचं. चुकलं ते चुकलं म्हणायचं. टीका न करणं म्हणजे तिला खेळाडू न समजणं. अमेरिकेतल्या केटलिन क्लार्कचं उदाहरण घ्या. २०२४ मध्ये, तिच्या पहिल्याच हंगामात, तिनं सोबतिणींना ३३७ वेळा बॉल देऊन गुण करवले. तो तेव्हा त्या स्पर्धेतला विक्रम होता. त्याच हंगामात तिनं २२३ वेळा बॉल गमावला. तोही विक्रम. दोन्ही आकडे एकाच वहीतले. जो प्रेक्षक दोन्ही सांगतो, त्याची टीका रास्त. पण लोक तेवढ्यावर थांबत नाहीत. आधी म्हणाले, अंगात जोर नाही, धक्का लागला की हलते. तिनं व्यायाम करून दंड कमावले. पुढच्या वर्षी दुखापतींमुळे तिला चव्वेचाळीसपैकी तेराच सामने खेळता आले, तर काही जण म्हणाले, जास्तच व्यायाम केला. बारीक असली तरी बोल, दणकट झाली तरी बोल. अंगावर बोलणाऱ्याला समाधान नसतंच.

सूनबाईच्या बाबतीत आपण तेच करतो, नाही का? बारीक असली तर "खायला घालत नाहीत का," भरली तर "सुटली." ती दिवसभर काय काय उपसते, त्याची वही कुणी ठेवत नाही.

म्हणून आमच्या गटानं एक ठरवलंय. आपल्या मुलींचा कुठलाही खेळ बघायला गेलो तर तीन गोष्टी पाळायच्या. पहिली, मोजल्याशिवाय बोलायचं नाही. दुसरी, खेळावर बोलायचं, अंगावर, रंगावर, कपड्यांवर नाही. बाजूला कुणी बोललं तर त्याला तिथंच थांबवायचं, कारण आपण हसलो की पोरांना ओरडायला बळ येतं. तिसरी, पोरगी दमली तर आधी कारण विचारायचं. खाल्लं का? झोप झाली का? पाळी चालू आहे का? बूट पायाचे आहेत का? या खेळात उडी मारून खाली येताना मुलींचा गुडघा मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो, म्हणून खेळण्याआधी अंग गरम करून, उडी कशी घ्यायची आणि उतरायची कशी, ते सरांनी शिकवलंय का?

आमच्या गटानं त्या मुलीच्या आईला अंतर्गत कर्जातून बुटांसाठी आणि स्पोर्ट्स ब्रासाठी पैसे दिले. कर्ज दिलं, दान नाही. ती हप्ते वेळेवर फेडतेय. सकाळी निघताना मुलीच्या डब्यात आता नाचणीची भाकरी किंवा शेंगदाणा-गुळाचे लाडू असतात. तीन महिन्यांनी रक्त तपासलं, ११.२ आलं. अजून थोडं बाकी आहे.

परवा शाळेचा सामना होता. आमचा संघ हरला. सहा गुणांनी. आम्ही वही घेऊन होतो. तिची आई शेजारी बसून शेवटच्या दहा मिनिटांचा रकाना बोटानं मोजत होती. मोजून झालं, तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आज दोनच गमावले."

पोरगी घामानं भिजून आमच्याकडे आली. पाणी प्यायली आणि विचारलं, "काकू, किती पकडले?" आम्ही सांगितलं, "नऊ." ती म्हणाली, "पुढच्या वेळी बारा."

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गावात कुठली मुलगी खेळते, कुठली खेळायची थांबली, आणि का थांबली, ते लिहून काढा. त्या "का"च्या पुढं आपलंच नाव निघालं तर लाजू नका. आमचंही निघालं होतं. त्या मुलीच्या घरी जा.

आज इतकंच. भेटू पुढच्या मंगळवारी. नमस्कार.