छतावर हात आपला, कागदावर सही कोणाची?

(सोलापुरात वायरमन आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मला विषय दिलाय सौर ऊर्जा आणि वायरमनचा रोजगार. मी सॉफ्टवेअरचं काम करतो. भिंतीतल्या पाईपातून वायर कशी ओढायची हे इथले उस्ताद मला अजून दहा वर्षं शिकवू शकतील, त्यामुळे त्या बाबतीत मी तोंड उघडणार नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. सोलापुरात सोलारचं काम आलंय. छतावर पॅनेल चढवणारे हात पुष्कळदा आपल्या मोहल्ल्यातले असतात. पण त्या कामाच्या कागदावर सही दुसऱ्याची असते. आपल्याला मिळते रोजंदारी. पुढची पाच वर्षं ग्राहक फोन करतो, तो सही करणाऱ्याला. ती सही आपली कशी होईल, यावर आज बोलतो.

आधी काम कुठे आहे ते बघू. वीज हा विषय आपल्या गावाला नवा नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिण भारताची ग्रीड उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडली गेली. सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला तो आपल्या जिल्ह्यातून गेलेल्या तारेमुळे. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत, म्हणजे १३२० मेगावॉट. पण मोठ्या प्रकल्पाला एक गेट असतं. गेटच्या आत ज्याला घेतलं त्याला काम, बाकीचे बाहेर.

सोलारचं तसं नाही. ते घराघरावर आणि शेताशेतात विखुरलेलं आहे, म्हणून त्याचं कामही विखुरलेलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम सूर्यघर योजना आणली. देशातली एक कोटी घरं हे तिचं उद्दिष्ट. घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान. शेतीसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. त्यात सर्वसाधारण शेतकरी पंपाच्या किमतीच्या १० टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के. सांगोल्याची डाळिंबं आणि पंढरपूरची द्राक्षं ज्या पाण्यावर येतात, त्या पाण्याचे पंप आता सोलारवर जात आहेत. शिवाय सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ छोटे प्रकल्प उभे राहतायत, शेतीच्या फीडरला दिवसा वीज मिळावी म्हणून.

यात एक बारकाई आहे. घरावरचं ३ किलोवॉटचं काम तीन-चार माणसं दोन-तीन दिवसांत संपवतात. पॅनेल मात्र २५ वर्षं चालायचं असतं. सूर्यघर योजनेत व्हेंडरला पाच वर्षं देखभाल करावी लागते, सौर पंपालाही पाच वर्षांची हमी असते. मंगळवेढ्यात पंप बंद पडला तर पुण्याहून इंजिनिअर येऊन कंपनीला परवडत नाही. तिला तालुक्यातच मोटारसायकलवर जाणारा, मीटर लावून दोष शोधणारा आणि केलेल्या कामाचा अहवाल पाठवणारा माणूस लागतो. खरी कमाई पॅनेल बसवण्याच्या दोन दिवसांत थोडी आणि या पाच वर्षांत जास्त आहे.

मग आपल्याला काय कमी पडतं? हातात कसब आहे. तीन गोष्टी कमी आहेत: डीसीची समज, मोजून लिहायची सवय आणि कागद.

पहिलं डीसी. घरातल्या २३० व्होल्टवर आपण वर्षानुवर्षं काम केलेलं असतं, त्यामुळे भीती गेलेली असते. छतावर भीती परत आणावी लागते. सध्याच्या ५४० वॉटच्या एका पॅनेलला उघड्या टोकांवर सुमारे ५० व्होल्ट असतात. दहा पॅनेल ओळीने जोडली की ५०० व्होल्ट डीसी. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. चालू लोडवर एमसी-४ कनेक्टर ओढून काढला तर आर्क पेटतो आणि पेटलेलाच राहतो. म्हणून डीसी बाजूला एसीचा एमसीबी लावायचा नाही, डीसीचाच लावायचा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडायचे नाहीत. आत पकड नीट होत नाही, जोड तापतो आणि एक दिवस आग लागते. आणि मेन स्विच पाडला म्हणून पॅनेल बंद होत नाही. ऊन आहे तोवर त्याच्या टोकांवर व्होल्टेज आहेच.

दुसरं, मोजणं आणि लिहिणं. खिशातला क्लॅम्प मीटर काढून बघा. साधे क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट दाखवतात. सोलारला डीसी करंट दाखवणारा लागतो. इन्सुलेशनसाठी मेगर आणि अर्थिंगचा टेस्टरही हवा. पॅनेलच्या स्ट्रक्चरचं अर्थिंग, एसी बाजूचं अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टरचं अर्थिंग वेगवेगळं असतं. तिन्हींचे आकडे घेऊन, तारीख टाकून कागदावर लिहायचे.

ग्राहकाला उत्तर देणं हाही या कामाचाच भाग आहे. चाचा म्हणतात, "३ किलोवॉटचे पैसे घेतले आणि इन्व्हर्टर तर अडीचच दाखवतो." पॅनेलवरचा आकडा २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का उत्पादन घटतं. मे महिन्यात सोलापूरच्या छतावर पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. शेजारच्या खाला विचारतात, "सोलार लावलं तरी लाईट गेल्यावर अंधार कसा?" बॅटरी नसलेला ग्रीडचा इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद होतो. तो चालू राहिला तर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या छतावरची वीज मारेल. हे दोन मिनिटांत, न चिडता सांगता आलं, तर ते घर पुढची पंचवीस वर्षं तुमचं.

इथे माझ्या धंद्याचा थोडा उपयोग आहे. आताचे इन्व्हर्टर वायफायवरून मोबाईलला आकडे पाठवतात. तो आलेख वाचायला शिका. रोज दुपारी तीनच्या सुमाराला आलेख एकदम खाली येत असेल, तर छतावर चढण्याआधीच पाण्याच्या टाकीची सावली आठवा. ओळीतल्या एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीला त्रास होतो. इन्व्हर्टर भर उन्हात सारखा बंद-चालू होत असेल, तर लाईनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर जातंय का ते तपासा. आलेख हळूहळू, महिनाभर उतरत असेल तर बहुतेक धूळ. यासाठी कोडिंग लागत नाही. नाडी बघावी तसं रोज बघावं लागतं, एवढंच.

तिसरी गोष्ट कागद. यावर आपण सर्वांत कमी बोलतो. वीज जोडणीचं काम कायद्याने परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच व्हावं लागतं. त्यामुळे कितीही सफाईदार काम केलं तरी परवाना नसेल तर शेवटची सही दुसरा करतो, आणि सही करणारा दर ठरवतो. आयटीआयचं वीजतंत्री किंवा तारतंत्रीचं प्रमाणपत्र हा पाया. त्यावर तारतंत्रीचा परवाना, पुढे पर्यवेक्षकाचा आणि मग ठेकेदाराचा. अटी आणि अर्ज विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात विचारा. एजंटाला विचारू नका, स्वतः जा.

सोलारसाठी वेगळं प्रशिक्षण आहे. राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम २०१५ पासून सुरू आहे. तो ६०० तासांचा, आणि आयटीआय झालेल्या वीजतंत्री-तारतंत्री मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला. जे उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि ज्यांच्याकडे आयटीआयचा कागद नाही, त्यांच्यासाठी कौशल्य योजनांत आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. तिला आरपीएल म्हणतात. त्याने ठेकेदाराचा परवाना मिळत नाही, पण कंपनीच्या दारात 'अनुभव आहे' या शब्दांमागे पुरावा उभा राहतो. आखातात जायचं स्वप्न असेल तरी हेच लागू आहे. दुबईच्या वाळवंटात मोठा सोलार पार्क उभा आहे. तिथेही कागद नसलेला माणूस हेल्पर म्हणूनच भरती होतो.

आता पैशाचं. स्वतः व्हेंडर व्हायचं तर नोंदणी, अनामत आणि माल भरायला भांडवल लागतं. आपल्यातले बरेच जण व्याजाच्या कर्जापासून लांब राहतात, आणि काही जणांना बँक उभंच करत नाही. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. पण पहिल्याच दिवशी व्हेंडर व्हायची गरज नाही. चौघांनी शिरकत करावी. एकाकडे परवाना, एकाकडे डीसी मीटर आणि मेगर, एक ग्राहक सांभाळणारा, एक पोर्टलवर अर्ज भरणारा. कोणाचे किती पैसे, कोणाचा किती वेळ, नफा-तोटा कसा वाटायचा हे स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवा. उधार-उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही शिकवण आपल्याला कुरआनने दिलेली आहे, आणि तरी आपण दोस्तीत सगळं तोंडीच करतो. सुरुवात देखभालीच्या कामाने करा. तिला भांडवल कमी आणि भरवसा जास्त लागतो.

बहिणींना वेगळं सांगायचंय. आयटीआयच्या वीजतंत्री ट्रेडला मुली प्रवेश घेऊ शकतात. छताचं माप घेणं, सावलीचा हिशोब, आराखडा, महावितरणचा अर्ज, आकड्यांवर लक्ष ठेवणं, आणि हो, छतावरचं कामसुद्धा त्यांना जमतं. दुपारी घरात फक्त बायका असतात तेव्हा इन्व्हर्टर बघायला बाई आली तर दार लवकर उघडतं. वडिलांना आणि भावांना माझी विनंती आहे, की हा धंदा मुलीचा नाही हे तुम्ही तिच्या आधी ठरवू नका.

गुलाबी चित्र रंगवायला मी आलेलो नाही. नुसतं पॅनेल चढवण्याची मजुरी फार नाही. योजना बदलतात, अनुदान कमी-जास्त होतं, एखाद्या वर्षी काम ओसंडतं आणि पुढच्या वर्षी थंडावतं. म्हणून फक्त सोलार शिकू नका. आधी पक्के वीजतंत्री व्हा, त्यावर सोलार शिका. सोलार थांबलं तरी मोटार, पॅनेल बोर्ड, यंत्रमागाची वायरिंग हातात राहील.

आणि जीव सांभाळा. पत्र्याच्या शेडवर, विशेषतः सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर, पाय कुठे ठेवायचा हे न ठरवता चढू नका. सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि रबरी हातमोजे मालकाकडे मागायला लाजू नका. काम घेण्याआधी विचारा, "माझा अपघात विमा कोणाच्या नावावर?" उत्तर मिळालं नाही तर त्या छतावर चढू नका. पाचशे-सातशे रुपयांच्या रोजंदारीसाठी घरातला कमावता माणूस गमवावा इतकं मोठं कोणतंच काम नाही.

इथून उठल्यावर काय करायचं? या आठवड्यात आपली सगळी प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये लावा आणि काय कमी आहे त्याची यादी करा. या महिन्यात विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात आणि आयटीआयमध्ये एक-एक चक्कर मारा. तीन महिन्यांत डीसी मीटर घ्या, एकट्याने नाही जमलं तर चौघांत एक. आणि आजपासून केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवा: तारीख, पत्ता, व्होल्टेज, अर्थिंग, फोटो. उद्या परवान्यासाठी किंवा नोकरीसाठी अनुभव विचारतील, तेव्हा ती वही तुमच्यासाठी बोलेल.

ऊन सोलापूरला कधीच कमी पडलं नाही. कसबी हातही कमी नाहीत. आता त्या हातांना सही करता आली पाहिजे. इन्शाअल्लाह, पुढच्या वेळी भेटू तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी इथे उभं राहून हा विषय सांगेल आणि मी खाली बसून ऐकेन.